आत्याबाई, सासूबाई आणि लेकींचे जगणे

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत जुन्या वळणाची सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते आणि सासऱ्याला ‘मामंजी’. ऐकणाऱ्याला हे नुसते आदराचे शब्द वाटतात. पण त्यांच्यामागे नात्याचा हिशेब आहे. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या समाजात मुलगी लग्न होऊन खरोखरच आपल्या आत्याच्या घरी जायची. सासू म्हणजे वडिलांची बहीण. घर लहानपणापासून पाहिलेले, माणसे ओळखीची. कन्नडमध्ये तर आत्या आणि सासू या दोघींनाही ‘अत्ते’ हा एकच शब्द आहे.

आता हरियाणातले किंवा पश्चिम उत्तर प्रदेशातले एखादे खेडे डोळ्यांपुढे आणा. तिथल्या बहुतेक हिंदू जातींत गावातल्या गावात सोयरीक होत नाही. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही बाजूंच्या जवळच्या नात्यातही होत नाही. मुलगी लग्न होऊन परक्या गावात, परक्या माणसांत जाते. सासऱ्यासमोर आणि मोठ्या दिरासमोर घुंगट. मुलीकडचे खालचे आणि मुलाकडचे वरचे, हे ठरलेलेच. मुलीच्या सासरच्या गावचे पाणीही न पिणारे वडील तिथे जुन्या पिढीत सर्रास आढळायचे.

मग प्रश्न असा की, सून सासूला काय म्हणते याचा त्या घरात जन्मलेल्या मुलीच्या जगण्या-मरण्याशी काही संबंध असू शकतो का? प्रश्न विचित्र वाटेल. पण गेली चार दशके समाजशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि लोकसंख्येचे अभ्यासक या प्रश्नाभोवती खल करत आहेत. त्यांच्या हातातले मुख्य हत्यार आपल्या रोजच्या वापरातले आहे. ते म्हणजे तुलना.

प्रयोगशाळा नसलेले शास्त्र

औषध गुणकारी आहे की नाही हे पाहायचे असेल तर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करता येतात. एका गटाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही. समाजाच्या बाबतीत हे जमत नाही. ‘या शंभर गावांत आत्याच्या घरी लग्ने लावा, त्या शंभर गावांत परक्या घरी लावा आणि तीस वर्षांनी मुली मोजा’ असे कोणी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. त्यामुळे आयुष्याने आपणहून मांडून ठेवलेले फरक शोधायचे आणि ते शेजारीशेजारी ठेवून पाहायचे, एवढेच अभ्यासकाच्या हाती उरते. फ्रान्सचे एमिल द्यूरकेम यांनी १८९५ साली समाजशास्त्राच्या पद्धतीवर जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी तुलनेला या शास्त्राची एखादी शाखा न मानता ते शास्त्रच मानले, ते याच कारणाने.

तुलनेचे तर्कशास्त्र त्याआधी, १८४३ मध्ये, इंग्लंडच्या जॉन स्टुअर्ट मिल यांनी मांडले होते. दोन उदाहरणे सर्व बाबतींत सारखी असतील, फक्त एकाच बाबतीत वेगळी असतील आणि परिणामही वेगळा दिसत असेल, तर कारण त्या एका बाबीत शोधावे. दुसरी रीत याच्या उलट आहे. अनेक उदाहरणे एकमेकांहून सगळ्या बाबतींत वेगळी, पण परिणाम मात्र सारखा. तर त्या सर्वांत समान असलेली एकमेव गोष्ट शोधावी. ऐकायला सोपे आहे. पण फक्त एकाच बाबतीत वेगळे असलेले दोन समाज सापडणे जवळजवळ अशक्य, हे खुद्द मिल यांनाही पटलेले होते. समाजशास्त्रातल्या तुलनेची सारी कसरत या अडचणीतून सुरू होते.

बर्लिनमधल्या कवट्या

या कसरतीत एका मराठी बाईचे नाव फार वरचे आहे. डॉ. इरावती कर्वे मराठी वाचकाला ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक असतात. पण त्यांचे शास्त्रीय शिक्षण सुरू झाले ते तुलनेच्या एका कठीण परीक्षेने. मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र शिकून १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. तिथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठतेच्या कल्पनांचे पुरस्कर्ते होते. युरोपीय गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू इतर वंशांपेक्षा अधिक असमान असते आणि त्याचा संबंध बुद्धीशी आहे, असा त्यांचा तर्क होता. विद्यार्थिनीकडे काम आले ते वेगवेगळ्या वंशांच्या कवट्या मोजून ताडून पाहण्याचे.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. कवट्या थोड्याफार असमान होत्याच. पण त्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसला नाही. गुरूला नको असलेला हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात तसाच लिहिला. तुलना करणाऱ्याने आधी ठरवलेले उत्तर हाती घेऊन मोजायला बसू नये, हा धडा याहून स्पष्ट क्वचितच मिळेल.

पुढे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी वेगळ्याच गोष्टींची तुलना मांडली. भारतभर हिंडून त्यांनी नात्यांचे शब्द, लग्नाचे नियम, माहेर-सासरच्या वागण्याच्या रीती गोळा केल्या. १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे पाडले. उत्तरेत लग्नाने परकी घराणी जोडली जातात. दक्षिणेत जुने नातेच लग्नाने पुन्हा घट्ट होते. उत्तरेत गावची लेक आणि गावची सून यांच्या वागण्याच्या रीती अगदी वेगळ्या. दक्षिणेत ही दरी पुष्कळ कमी, कारण सून बहुधा नात्यातलीच असते. महाराष्ट्र त्यांनी मधल्या पट्ट्यात ठेवला. इथे मराठा-कुणब्यांसह अनेक जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी करत नाहीत. उत्तर आणि दक्षिण या दोन रीतींचा सांधा आपल्या घराघरांत आहे.

नकाशावर नकाशा

तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, टिम डायसन आणि मिक मूर या दोन अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. त्यांनी भारतातल्या मोठ्या राज्यांची लोकसंख्येची आकडेवारी घेतली: लग्नाचे वय, जननदर, बालमृत्यू आणि मुलांच्या तुलनेत मुलींचे मृत्यू. ही आकडेवारी त्यांनी नातेव्यवस्थेच्या नकाशावर ठेवून पाहिली. दोन्ही नकाशे बऱ्याच अंशी जुळले. दक्षिणेकडच्या राज्यांत लग्ने उशिरा होत होती, मुले कमी होती, बालमृत्यू कमी होते आणि मुलगे व मुली यांच्या मृत्यूंतली तफावतही कमी होती. उत्तरेत चित्र उलटे होते. या मांडणीत महाराष्ट्र दक्षिणेच्या बाजूला पडला.

यामागची साखळी त्यांनी अशी जोडली. सासर ओळखीचे आणि माहेर जवळ असेल तर बाईला बोलायला, विचारायला, घराबाहेर पडायला वाव राहतो. बाळाला ताप आला तर ती कोणाला तरी सांगू शकते, दवाखान्यात नेण्याचा आग्रह धरू शकते. लेक लग्नानंतरही माहेरच्या उपयोगी पडते, म्हणून तिच्यावर केलेला खर्च वाया गेला असे आई-बापाला वाटत नाही. परक्या गावात, घुंगटाआड असलेल्या सुनेला यातले फारसे काही करता येत नाही. माहिती मिळवण्याची आणि तिच्या आधारे स्वतःच्या घरातले निर्णय घेण्याची बाईची ताकद, हा त्यांच्या मते मधला दुवा होता.

नात्यात लग्ने करावीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवलेले आहे. प्रश्न बाईच्या अधिकाराचा होता. लग्नाची रीत ही त्या अधिकारापर्यंत पोहोचण्याची एक खूण होती.

दुसरेच कारण असेल तर?

निबंध गाजला. पण चांगल्या तुलनेनंतर पहिला प्रश्न असा यायला हवा की, याच दोन गटांत आणखी काय वेगळे आहे? उत्तर आणि दक्षिण फक्त लग्नाच्या रीतीत वेगळ्या नाहीत. अर्थशास्त्रज्ञ प्रणव बर्धन यांनी १९७४ मध्येच दुसरीकडे बोट दाखवले होते. वायव्येकडे गहू पिकतो, पूर्वेला आणि दक्षिणेला भात. भाताच्या लावणीला बायकांचे हात लागतात. गव्हाच्या शेतीत त्यांचे काम तुलनेने कमी. जिथे बाईच्या मजुरीला किंमत आहे, तिथे मुलीचा जीवही अधिक जपला जात असेल. म्हणजे दोन कारणे, आणि दोन्ही नकाशे एकमेकांवर बऱ्यापैकी बसणारे. मिल यांना ज्याची धास्ती होती ती अडचण हीच.

आणखी एक खड्डा आहे. राज्यांच्या तुलनेतून माणसांविषयी निष्कर्ष काढला तर तो सपशेल उलटा निघू शकतो. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेवरून हे दाखवून दिले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरता जास्त होती. यावरून बाहेरून आलेले लोक अधिक शिकलेले असतात असे वाटावे. प्रत्यक्षात माणसागणिक पाहिले तेव्हा ते स्थानिकांपेक्षा कमी साक्षर निघाले. ते राहायला गेले होते अधिक साक्षर राज्यांत, एवढेच. राज्याची सरासरी ही कोणा एका घराची हकिकत नसते.

राज्यातून वस्तीत, वस्तीतून घरात

यावर उपाय म्हणजे तुलनेचे वर्तुळ लहान करत जाणे. लोकसंख्या अभ्यासक अलका बसू यांनी दिल्लीतली एक गरीब वस्ती निवडली. तिथे उत्तर प्रदेशातून आणि तामिळनाडूतून आलेली कुटुंबे राहत होती. शहर तेच, दवाखाने तेच, गरिबीही साधारण सारखी. वेगळी होती ती आपापल्या मुलखातून सोबत आणलेली रीत. एकाच ठिकाणी राहूनही दोन्ही गटांतल्या बायकांच्या बाहेर वावरण्यात, कामावर जाण्यात फरक टिकून होता. म्हणजे सगळे काही जमिनीवर आणि पिकावर ढकलता येत नव्हते.

याच कामातून बसू यांनी आणखी एक समजूत तपासली. मुली जास्त दगावतात कारण त्यांना कमी खायला घालतात, असे सरसकट मानले जाई. त्यांनी दाखवले की मृत्यूंतला फरक समजायला केवळ ताटाकडे पाहून भागत नाही. आजारपणात मुलाला किती लवकर आणि कुठल्या दवाखान्यात नेतात आणि मुलीला किती, हा फरक अधिक बोलका आहे. आरोग्यसेवकांना या निष्कर्षाचा थेट उपयोग आहे. मुलगी अशक्त दिसत नाही म्हणून ती सुरक्षित आहे असे समजू नये. तिला डॉक्टरकडे कधी आणले, ते विचारावे.

अर्थात या तुलनेलाही मर्यादा होतीच. गाव सोडून दिल्लीला आलेली कुटुंबे गावात राहिलेल्यांसारखीच असतील असे नाही.

वर्तुळ आणखी लहान केले मोनिका दास गुप्ता यांनी. पंजाबातल्या खेड्यांचा त्यांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी बहिणीबहिणींची तुलना केली. जिला मोठी बहीण नाही ती मुलगी, आणि जिला आधीच एक किंवा अधिक मोठ्या बहिणी आहेत ती मुलगी. घरे त्याच प्रकारची, रीत तीच, पीक तेच. तरीही मृत्यूचा वाढीव धोका मुख्यतः दुसऱ्या आणि त्यानंतरच्या मुलींच्या वाट्याला आलेला दिसला. म्हणजे ‘तिथे मुली नकोशा असतात’ हे विधान ढोबळ ठरले. पहिली मुलगी चालत होती. नकोशी होत होती ती मुलाची वाट पाहताना आलेली पुढची. आणि शिकलेल्या तरुण आयांच्या घरीही हा भेद दिसलाच. शिक्षण आले की सारे आपोआप सुधारते, या समजुतीला हा मोठा धक्का होता.

कोल्हापूरने मोडलेला नियम

आता पुन्हा महाराष्ट्राकडे येऊ. डायसन-मूर यांच्या नकाशात आपण दक्षिणेच्या, म्हणजे बऱ्या बाजूला होतो. पण शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे राज्यात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या; २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. शिवाय राज्यातल्या राज्यात पाहिले तर कोड्यात भर पडते. २००१च्या जनगणनेत या यादीच्या तळाशी होते कोल्हापूर आणि सांगली. पाणी, ऊस, सहकार, शाळा, दवाखाने असलेला हा मुलूख. मामाची मुलगी करण्याची रीत इथे परकी नाही, आणि ‘आत्याबाई’ हा शब्दही इथलाच. वरच्या टोकाला होता गडचिरोली, राज्यातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांपैकी एक.

मग नातेव्यवस्थेचा सिद्धांत खोटा ठरला का? तसे म्हणणे घाईचे होईल. काय मोजले, ते आधी पाहायला हवे. डायसन आणि मूर यांनी जन्मलेल्या मुलींच्या मृत्यूकडे पाहिले होते. तिथे वर्षानुवर्षांची हेळसांड असते आणि आईच्या हातात बळ असेल तर ती थोपवता येते. सोनोग्राफी आल्यावर निर्णय जन्माआधी सरकला. तो एकदाच घ्यायचा, बंद दाराआड, आणि त्यासाठी लागतो पैसा व जवळ दवाखाना. हे दोन्ही गडचिरोलीपेक्षा कोल्हापुरात सहज मिळत होते. त्याच सुमारास कुटुंबे लहान होत गेली. चार-पाच मुले असताना मुलगा होण्याची शक्यता आपोआपच मोठी होती. दोनच मुले हवीत पण त्यांत एक मुलगा हवाच, असे ठरले की दुसऱ्या गर्भावर सारा भार येतो. पंजाबातल्या बहिणींच्या तुलनेने हीच वाट आधी दाखवली होती.

गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. म्हणजे धोका ओळखण्यात राज्य पुढे होते. तरी त्यानंतरच्या दोन जनगणनांत आकडे घसरलेच. जुनी रीत मुलीला थोडेफार संरक्षण देत असेलही. पण मुलाची हाव तशीच राहिली आणि हाताशी यंत्र आले, तेव्हा ते संरक्षण पुरले नाही. पुढे २००४ मध्ये लुपिन रहमान आणि विजयेंद्र राव यांनी उत्तर प्रदेश आणि कर्नाटकातल्या नव्या पाहणीच्या आधारे डायसन-मूर यांची मांडणी पुन्हा तपासली, तेव्हा तीही काही अंशीच खरी उतरली. लग्नाच्या रीतीसोबत बायकांची कमाई आणि सरकारी सोयीसुविधा यांचाही हिशेब मांडावा लागतो, असे त्यातून दिसले.

क्रमवारी वाचताना

मग इतक्या तुलनांतून हाती काय लागले? एकच एक कारण सापडले नाही, हे खरे. पण चुकीची कारणे एकेक करून बाद झाली, आणि बाद झालेल्या प्रत्येक कारणाने कामाची दिशा बदलली. केवळ गरिबी हे कारण नाही, म्हणून केवळ पैसा वाटून भागणार नाही. केवळ अशिक्षितपणा नाही, म्हणून पदवीधर घराकडेही लक्ष हवे. केवळ अन्न नाही, म्हणून पोषण आहाराच्या जोडीला मुलीच्या औषधपाण्यावर नजर हवी. पहिल्या मुलीनंतर दुसऱ्यांदा दिवस गेलेली बाई ही सर्वांत नाजूक जागा, म्हणून आशाताईने पहिल्यांदा जायचे ते त्या घरी.

जिल्ह्यांच्या, राज्यांच्या, देशांच्या क्रमवाऱ्या आपण रोज वाचतो. अमुक जिल्हा पुढे, तमुक मागे. अशी यादी समोर आली की तीन गोष्टी विचाराव्यात. दोन्हींकडे नेमके एकच काही मोजले आहे का? ज्या कारणाकडे बोट दाखवले जाते त्याशिवाय या दोघांत आणखी काय काय वेगळे आहे? आणि हे कारण असूनही परिणाम दिसत नाही, असे एखादे ठिकाण आहे का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आपल्याला सोयीचे उदाहरण शोधायला कष्ट पडत नाहीत. आपले म्हणणे मोडणारे उदाहरण मात्र मुद्दाम शोधावे लागते. बर्लिनमध्ये कवट्या मोजणाऱ्या त्या तरुण मुलीने गुरूच्या सिद्धांताविरुद्ध गेलेली मापे जशी होती तशी लिहिली.

आपल्यासाठी तसे उदाहरण म्हणजे कोल्हापूर-सांगलीचे ते आकडे. उत्तरेकडे मुलींचे हाल होतात, आपल्याकडे तसे नाही, असे म्हणत आपण बरीच वर्षे निवांत होतो. सुना सासूला आत्याबाई म्हणत होत्या, आणि त्याच घरांत जन्माला येणाऱ्या मुली कमी होत चालल्या होत्या.